बावटा चढण्याआधी

(किनाऱ्यावरच्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत मे महिन्याच्या अखेरीस दिलेलं व्याख्यान. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



ज्यांच्या हाताखाली आपण सगळे शिकलो, त्या सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला बोलावलंत, तेव्हा विषय शोधत बसावं लागलं नाही. आपल्या शाळेत शिक्षकांच्या खोलीबाहेर भिंतीवर एक गोल पितळी यंत्र टांगलेलं होतं. वायुभारमापक. प्रार्थना झाली की सर त्याच्या काचेवर बोटानं दोनदा हलकेच ठोकत, काटा स्थिर होऊ देत आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहीत. तोच आकडा एका लांबट वहीत जाई. त्या वहीच्या उजव्या कडेला त्यांनी दोन अरुंद रकाने आखले होते. एकावर लिहिलेलं ‘बाहेर’, दुसऱ्यावर ‘आत’. हे रकाने रोज भरलेले नसत. काटा घसरायला लागला की शाळा सुटल्यावर सर बंदरावर जात, किती होड्या समुद्रात आहेत ते तांडेलांना विचारत आणि तो आकडा ‘बाहेर’मध्ये मांडत. होड्या परतल्या की ‘आत’. आम्हा मुलांना वाटायचं, सरांना होड्या मोजायचा छंद आहे. पुढे मी पुण्याला वेधशाळेत नोकरीला लागलो, नकाशावर पेन्सिलीनं समभार रेषा काढायला शिकलो, तेव्हा ते दोन रकाने मला पुन्हा आठवले. हवेचा दाब कशासाठी मोजायचा, याचं उत्तर त्या रकान्यांत होतं.

आपण ‘वादळ आलं’ असंही म्हणतो आणि ‘वादळ झालं’ असंही म्हणतो. पाहुणा येतो तसं ते आलं, म्हणजे कुठेतरी तयार होतं, निघालं, इथे पोचलं, असं पहिल्या बोलण्यात गृहीत असतं. मला दुसरं बोलणं जास्त खरं वाटतं. वादळ होतं. दूध विरजायला लागतं तसं. विरजणाचा थेंब पडला म्हणून दही झालंच असं नाही. दूध कोमट हवं, भांडं हललेलं नको, वेळ मिळायला हवा. समुद्रावर हे विरजण रोज पडत असतं. उपग्रहाच्या चित्रात उष्ण कटिबंधातला समुद्र कुठल्याही दिवशी पाहा, पांढऱ्या ढगांचे पुंजके विखुरलेले दिसतील. काही विषुववृत्ताजवळ दोन गोलार्धांचे वारे जिथे भेटतात त्या पट्ट्यातले, काही पूर्वेकडून सरकत आलेल्या लाटांवर बसलेले, काही पॅसिफिकमध्ये विझलेल्या वादळांचे अवशेष, बंगालच्या उपसागरात उतरलेले. त्यांतले बहुतेक पुंजके दोन-चार दिवस पाऊस पाडून विरून जातात. असे किती होतात आणि विरतात याची मोजदाद कोणी करत नाही. वादळं मात्र मोजली जातात. साऱ्या जगात मिळून वर्षाला साधारण ८० ते ९०, आणि आपल्या दोन्ही समुद्रांत मिळून सरासरी पाच.

माझ्या सगळ्या नोकरीत मला एकच प्रश्न खरा वाटला. या असंख्य पुंजक्यांतले ते पाच कोणते? आणि ते कळायला आपल्याकडे वेळ किती असतो?

आधी शब्दांचा एक गुंता सोडवतो, कारण त्या गुंत्यामुळे माणसं फसतात. वर्तमानपत्रात सर्रास ‘कमी दाबाचा पट्टा’ असं छापून येतं. पट्टा म्हणजे लांबट, पन्हळीसारखी रचना. तो शेकडो किलोमीटर पसरलेला असू शकतो आणि त्यात भोवरा नसतो. ‘कमी दाबाचं क्षेत्र’ वेगळं. तिथे वारे गोल फिरायला लागलेले असतात, पण त्यांचा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या आत असतो. वेग ३१ ते ४९ झाला की त्याला आम्ही डिप्रेशन म्हणतो. ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन. ६२ पासून चक्रीवादळ, आणि इथे त्याला नाव मिळतं. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, आणि अशा पायऱ्या चढत २२२ च्या वर महाचक्रीवादळ. नाव मिळाल्यावर बातम्या सुरू होतात, दूरदर्शनवर नकाशे दिसतात. पण छोट्या होडीला ताशी ४५ किलोमीटरचा वारा पुरतो. म्हणजे नावही नसलेलं, बातमीतही न आलेलं डिप्रेशन आपल्या कोळ्यांसाठी वादळच असतं. नाव देण्याची रेघ जगाच्या सोयीनं ओढलेली आहे. होडीची रेघ तिच्या कितीतरी अलीकडे आहे.

आता एखादा पुंजका वाढतो कसा, हे सांगतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्यापुरतं यातलं सौंदर्य अजून संपलेलं नाही.

गणपतीत मोदकपात्राचं झाकण काढताना मनगटाला वाफ लागली तर जो चटका बसतो, तो तितक्याच गरम पाण्याच्या चटक्यापेक्षा फार मोठा असतो. कारण वाफेनं आपल्याबरोबर जादा उष्णता बांधून आणलेली असते, आणि कातडीवर तिचं पाणी होताना ती सगळी तिथे सोडते. गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाच-सहापट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. समुद्र दिवसरात्र बाष्प सोडत असतो. ते बाष्प वर चढतं, थंड होतं, त्याचे ढग होतात, आणि ढग होताना ही बांधलेली उष्णता आकाशात, पाच-सहा-आठ किलोमीटर उंचीवर सुटते. तिथली हवा तापते, फुगते, वरच्या वर बाहेर पसरते. त्यामुळे खालच्या समुद्रावर दाबणारा हवेचा स्तंभ किंचित हलका होतो. सरांच्या यंत्राचा काटा घसरतो तो या हलकेपणामुळे. दाब कमी झाला की भोवतालची हवा आत धावते, समुद्राला घासत येते, येताना आणखी बाष्प गोळा करते, आणि वारा जितका जोराचा तितकं बाष्प जास्त. म्हणजे वादळ स्वतःचं सरपण स्वतःच ओढून आणतं.

ही आत येणारी हवा सरळ येत नाही. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते, आणि मग भोवरा घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरू लागतो. दोरीला किल्ली बांधून गरगर फिरवा आणि दोरी बोटावर गुंडाळू द्या. दोरी आखूड होते तशी किल्ली झपाझप फिरते. वारा केंद्राजवळ येतो तसा त्याचा वेग असाच वाढतो. विषुववृत्ताजवळ पृथ्वीची ही मदत मिळत नाही, म्हणून साधारण पाच अंशांच्या आत वादळं होत नाहीत. तरी डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ ‘वामेई’ नावाचं वादळ विषुववृत्तापासून अवघ्या दीड अंशावर झालं. निसर्गात नियम असतात, त्यांना अपवादही असतात, आणि अंदाज वर्तवणाऱ्यानं दोन्ही मनात ठेवायचे असतात.

समुद्र किती तापलेला हवा? साडेसव्वीस अंश सेल्सिअस, हा आकडा बहुतेकांनी ऐकलेला असतो. पण वरचं पाणी तापून भागत नाही. घंगाळात वर कढत पाणी ओतलं आणि खाली गार राहिलं, तर हात घालून ढवळल्यावर सगळं कोमट होतं. वादळ समुद्र ढवळतं. खालून गार पाणी वर आलं तर ते स्वतःच्याच हातानं आपली चूल विझवतं. म्हणून उष्ण पाण्याचा थर पन्नास मीटर तरी खोल लागतो. एप्रिल-मे मध्ये आपल्या अरबी समुद्राचं पृष्ठभागाचं तापमान ३० अंशांच्या आसपास पोचतं. तापमानाची अट तर उन्हाळ्यात रोजच पुरी झालेली असते. मग रोज वादळ का होत नाही?

कारण उतरंड. जुन्या घरांत मडकी एकावर एक रचून ठेवत, ती उतरंड. खालचं मडकं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं, सगळी एका रेषेत. वादळ हे असंच रचलेलं असतं. खाली समुद्रावरचा भोवरा, त्यावर मधला, त्यावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत ढगांचा मनोरा. खाली वारा एका दिशेनं आणि वर जोरात दुसऱ्या दिशेनं वाहत असेल, तर वरची मडकी बाजूला ढकलली जातात. ढगांत सुटलेली उष्णता भोवऱ्याच्या डोक्यावर साठत नाही, दूर वाहून जाते. उतरंड कोसळते. उंचीनुसार वाऱ्यांत पडणारा हा फरक जिथे थोडा, तिथेच वादळ उभं राहतं. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी १९६८ साली साऱ्या जगातल्या या विक्षोभांचा आणि वादळांचा अभ्यास मांडला. समुद्राची उष्णता, मधल्या थरातली आर्द्रता, खालचा भोवरा, पृथ्वीचं वळण यांच्या जोडीला त्यांनी या फरकाला महत्त्वाचं स्थान दिलं. आमची पिढी नकाशावर पहिल्यांदा तेच पाहायला शिकली.

आणि इथे आपल्या मोसमी पावसाची गोष्ट येते. जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर खाली नैर्ऋत्येचे जोरदार वारे असतात आणि वर, चौदा-एक किलोमीटरवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा प्रचंड वेगाचा प्रवाह असतो. हा पूर्वेकडचा प्रवाह जगाच्या लक्षात आणून दिला तो भारतीय हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी, १९५० च्या दशकात. एवढा फरक असल्यावर उतरंड उभी राहणार कशी? म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात एकामागून एक डिप्रेशन होतात, पण त्यांची चक्रीवादळं क्वचितच होतात. वाढ खुंटलेली ही डिप्रेशन ओडिशा, छत्तीसगडवरून आत सरकतात, आणि विदर्भातल्या धानाला, मराठवाड्यातल्या खरिपाला पाणी देतात. ज्या पुंजक्याला पूर्ण वाढू दिलं तर तो गावं उद्ध्वस्त करतो, त्याचीच अर्धवट वाढ आपल्याला जेवू घालते. वादळांचा हंगाम म्हणून मोसमी पावसाच्या दोन कडांवर येतो. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत एकदा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पुन्हा एकदा. वरचा प्रवाह तेव्हा अजून बसलेला नसतो, किंवा उठून गेलेला असतो.

आता २०२० च्या जूनकडे येतो. या सभागृहातल्या कित्येकांच्या घरांचे पत्रे तेव्हा उडालेले आहेत, त्यामुळे मी जपून बोलेन.

३१ मे रोजी अरबी समुद्राच्या आग्नेय आणि पूर्व-मध्य भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, मोसमी पाऊस केरळात पोचल्याचं जाहीर झालं आणि त्याच सकाळी त्या क्षेत्राचं डिप्रेशन झालं. पावसाच्या आगमनाबरोबर समुद्रात असा भोवरा होणं नवं नाही. आगमनाचा भोवरा म्हणून तो आम्हाला ओळखीचा असतो. कधी तो पावसाला वर ओढून आणतो, कधी सगळं बाष्प घेऊन ओमानकडे निघून जातो आणि पाऊस रखडतो. २०२० चा भोवरा उत्तरेकडे सरकला, आणि त्याची उतरंड शाबूत राहिली. २ जूनला सकाळी डीप डिप्रेशन, दुपारी चक्रीवादळ. बांगलादेशानं सुचवलेलं ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळालं. ३ जूनला पहाटे तीव्र चक्रीवादळ, आणि दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. नाव मिळाल्यापासून किनारा गाठेपर्यंत एक दिवस. पहिलं कमी दाबाचं क्षेत्र दिसल्यापासून तीन.

त्या संध्याकाळी मुंबई वाचली, अशी बातमी सगळीकडे होती. बातमी खरी होती. पण वाचली का, याचं उत्तर मिळालं तर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, आणि खाली मंडणगड, दापोलीपर्यंतच्या बागा का झोपल्या तेही कळतं. वादळ ईशान्येकडे चाललं होतं. त्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे दक्षिण आणि पूर्व अंगाला, भोवऱ्याचा वारा आणि वादळाची स्वतःची चाल एकाच दिशेनं असतात. दोन्हींची बेरीज होते, आणि हा वारा समुद्रावरून सरळ जमिनीवर येतो. डाव्या बाजूला त्याच दोन गोष्टींची वजाबाकी होते. मुंबई डावीकडे होती. आपण उजवीकडे होतो. केंद्र अलिबागजवळ चढलं म्हणून दापोलीला धोका कमी, असं त्या दिवशी काहींना वाटलं असेल, तर तो समज या एका गोष्टीनं खोटा ठरला. माझी तेव्हापासून सगळ्यांना विनंती आहे, नकाशावर केंद्राचा ठिपका पाहून निश्चिंत होऊ नका. वादळ कुठे चाललंय आणि आपण त्याच्या कुठल्या हाताला आहोत, हे आधी पाहा.

त्या दिवशी केंद्रातला दाब ९८४ हेक्टापास्कलच्या आसपास होता. एरवी इथे १०१० च्या जवळपास असतो. म्हणजे जेमतेम अडीच टक्क्यांची घट. एवढ्याशा फरकानं चाळीस-पन्नास वर्षांचे माड मुळापासून उपटले, रोठा सुपारीच्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. ज्यांच्या बागा गेल्या त्यांचं नुकसान एका वर्षाच्या भरपाईत मोजता येत नाही. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पारादीपजवळ जे महाचक्रीवादळ चढलं, त्याच्या केंद्रात दाब ९१२ होता. हा आकडा किती खाली, हे सांगायला आपल्याला लांब जायला नको. रायगडाच्या माथ्यावर, ८२० मीटर उंचीवर, हवेचा दाब साधारण एवढाच असतो. तेवढा दाब तिथे समुद्रसपाटीला होता. सहा मीटरपर्यंत पाणी चढलं, सुमारे दहा हजार माणसं गेली.

त्याच ओडिशात २०१९ च्या मे महिन्यात ‘फनी’ आलं. तेही फार मोठं वादळ होतं. त्याआधी दहा लाखांहून जास्त लोकांना हलवण्यात आलं, आणि मृत्यूंचा आकडा दोन आकडी राहिला. वीस वर्षांत समुद्र सौम्य झालेला नव्हता. निवाऱ्याच्या इमारती बांधल्या गेल्या होत्या, आणि समुद्रात काय चाललंय ते गावातल्या माणसापर्यंत वेळेत पोचत होतं.

आपल्या बाजूला एक वेगळी अडचण आहे. अरबी समुद्र हा शांत समुद्र, बंगालचा उपसागर वादळी, असं आपण शिकलो. सरांनीही तसंच शिकवलं, आणि तेव्हा ते बरोबर होतं. बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर इकडे एक, असा हिशोब होता. मुंबईनं वादळ पाहिलेलंच नाही असं मात्र नाही. मे १६१८ मध्ये वसई-मुंबई भागात झालेल्या मोठ्या वादळाच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदी आहेत, आणि २२ नोव्हेंबर १९४८ चं वादळ आठवणारी माणसं माझ्या लहानपणी घराघरांत होती. उलट १८८२ मध्ये मुंबईत वादळानं एक लाख माणसं गेली, असं कित्येक याद्यांमध्ये छापलेलं आहे, ते घडलेलंच नाही. आपल्या इतिहासाबद्दल आपण इतके बेफिकीर असलो तर पुढचं काय ओळखणार?

पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिशोब बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये जे प्रसिद्ध केलं त्यानुसार, १९८२ ते २००० या काळाशी तुलना करता २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि ती जास्त दिवस टिकू लागली. पश्चिमेकडचं पाणी तापलं आहे, हे त्यातलं मोठं कारण. तुम्हाला आकडे नको असतील तर नावं आठवा. २००९ ‘फयान’, २०१७ ‘ओखी’, २०१९ मध्ये ‘वायू’, ‘क्यार’, ‘महा’, २०२० ‘निसर्ग’, २०२१ ‘तौक्ते’, २०२३ ‘बिपरजॉय’. यांतलं ‘क्यार’ मला विशेष आठवतं. २०१९ च्या ऑक्टोबरात रत्नागिरीच्या पश्चिमेला त्याचं डिप्रेशन झालं, आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ तारखेला, ते महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात २००७ च्या ‘गोनू’नंतर पहिलंच. आपल्या किनाऱ्याकडे पाठ करून ते पश्चिमेला गेलं, तिकडची कोरडी हवा त्याच्या पोटात शिरली आणि सोमालियाच्या बाजूला ते विरलं. पण जाता जाता कोकणातलं कापणीला आलेलं भात पाण्यात घालून गेलं. किनाऱ्यावर न चढलेल्या वादळाची नोंद भरपाईच्या कागदात कशी करायची, यासाठी शेतकऱ्यांना त्या वर्षी किती खेटे घालावे लागले, ते तुम्ही पाहिलंय.

अंतर हीच आपली खरी अडचण. बंगालच्या उपसागरात पुष्कळ वादळं अंदमानच्या बाजूला जन्मतात, भारताच्या किनाऱ्यापर्यंत चार-पाच दिवस चालत येतात. आपल्याकडे भोवरा अनेकदा लक्षद्वीपजवळ, किनाऱ्याला समांतर, दोन-तीनशे किलोमीटरवर उभा राहतो. ‘तौक्ते’चं कमी दाबाचं क्षेत्र १३ मे २०२१ ला दिसलं आणि १७ तारखेला ते मुंबईच्या पश्चिमेनं गेलं, मधल्या चार दिवसांत केरळ, कर्नाटक, गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी सगळ्यांना झोडपत. त्यात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि साठ-सत्तर कामगार गेले. त्यांना किनाऱ्यावर आणायला लागणारा वेळ त्या चार दिवसांतच होता.

आणि ‘ओखी’. २९ नोव्हेंबर २०१७ ला श्रीलंकेच्या बाजूला डिप्रेशन, ३० ला सकाळी कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ. एक दिवस. केरळ आणि तामिळनाडूतले खोल समुद्रात जाणारे मच्छीमार तेव्हा आठवडा-पंधरा दिवसांपूर्वीच निघालेले होते. इशारा किनाऱ्यावर पोचला, त्यांच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. शेकडो माणसं परतली नाहीत. काही होड्या वाऱ्याबरोबर उत्तरेला आल्या आणि देवगडला लागल्या. ६८ होड्या, ९५२ माणसं. मी नंतर देवगडला गेलो होतो. तिथल्या लोकांनी मला सांगितलं की भाषा कळत नव्हती, पण भात कोणालाही कळतो. त्या बंदरातल्या बायकांनी जे केलं, त्याला मी आज इथून नमस्कार करतो.

‘ओखी’नंतर खोल समुद्रात उपग्रहामार्फत इशारा पोचवणारी यंत्रं निघाली, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचं आणि इस्रोचं त्यात मोठं काम आहे. बंदरावरचा बावटा मात्र १८६५ पासूनचा. १८६४ च्या ऑक्टोबरात वादळानं कलकत्ता उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. आज आपल्या जेटीवर तीन नंबरचा बावटा चढतो, ती त्याच व्यवस्थेची पुढची पायरी. मला तिच्याबद्दल आदर आहे. पण बावटा पाहायला माणूस बंदरात असावा लागतो, आणि जो बाहेर आहे त्यालाच तो दिसत नाही.

म्हणून माझा हट्ट आहे, आणि तो मी इथे सगळ्यांसमोर मांडतो. दिल्लीहून हवामान खातं रोज दोन्ही समुद्रांची टिपणी काढतं. त्यात कुठे ढगांचा पुंजका आहे, आणि पुढच्या काही दिवसांत त्याचं डिप्रेशन होण्याची शक्यता कमी, मध्यम की जास्त, ते स्पष्ट लिहिलेलं असतं. ती टिपणी इंग्रजीत असते आणि ती वाचणारे आपल्या तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ती रोज मराठीत, कोळ्यांच्या बोलीत, चार ओळींत प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लिहिली गेली पाहिजे. ‘शक्यता मध्यम’ असं असतानाच. नाव पडायच्या आधी. दहा वेळा ती लिहिली जाईल आणि नऊ वेळा काही होणार नाही, हे मला माहीत आहे. लोक म्हणतील, वेधशाळेचं काही खरं नाही. हे मी पस्तीस वर्षं ऐकलं आहे, आणखी ऐकेन. त्या नऊ वेळा काय झालं, तेही लोकांना सांगायला हवं. पुंजका होता, पाणी तापलेलं होतं, पण वरचा वारा आडवा आला आणि उतरंड पडली. हे कळलं की दहाव्या वेळेला माणूस फळा वाचतो. आपल्या शाळेतली मुलं ते लिहू शकतील. जिथे रोज सकाळी एका यंत्राच्या काचेवर ठोकलं जायचं, त्या गावातली ती मुलं आहेत.

सर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ती वही मला दिली. आज ती मी वाचनालयाच्या स्वाधीन करतो आहे. तुम्ही चाळाल तेव्हा २००९ चा नोव्हेंबर जरूर पाहा. तेव्हा सर निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण यंत्र त्यांनी शाळेकडून दुरुस्तीला म्हणून घरी आणलेलं होतं. १० तारखेला संध्याकाळी काटा उतरायला लागल्याची नोंद आहे. ११ तारखेला, ‘फयान’च्या दिवशी, त्यांनी दर तासाला आकडा लिहिला आहे, दुपारनंतर अक्षर हललेलं आहे, बहुधा दिवा नसावा. ‘बाहेर’च्या रकान्यात तीन. १२ तारखेला सकाळी ‘आत’च्या रकान्यात दोन. तिसऱ्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं. पाचव्या दिवशी तिला दुसऱ्या बंदरातल्या होडीनं ओढत आणलं, माणसं सगळी जिवंत. तोपर्यंत ‘आत’च्या रकान्यात जागा उरली नव्हती, म्हणून सरांनी तो एक आकडा हवेच्या दाबाच्या रकान्यात लिहिला आहे आणि त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला आहे.